पंचेचाळीस बेरजेचा नंबर

फोन नंबर लिहून ठेवणं हे आकड्यांशी ओळख नसलेल्यांचं काम. मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलगी दुसऱ्या गावी राहायला गेली आणि तिनं नवा नंबर सांगितला, तेव्हा मी कागदसुद्धा शोधला नाही. नंबर म्हणजे तरी काय, दहा अंकी एक संख्या. अंकांची बेरीज पंचेचाळीस, म्हणजे नऊने निःशेष भाग. इतकी सद्गुणी संख्या मी विसरेन कशी!

ठरलं असं, की दर रविवारी अकराला फोन करून मी नातीची परीक्षेची तयारी करून घ्यायची. माझ्या घरात आवाज करणारा दुसरा प्राणी म्हणजे कुकर. त्यामुळे शनिवारपासूनच मी घसा साफ करत होतो.

रविवारी फोन उचलला गेला. मी थेट सुरुवात केली, "लिहून घे. नऊ पाचे पंचेचाळीस."

"पंचेचाळीस," पलीकडून जाड आवाज आला. "छाती ना? आणि बाही?"

शिंप्याचं दुकान होतं.

पुढच्या रविवारीही शिंपीच. मी अंकांची बेरीज पुन्हा केली आणि त्याला ठणकावलं, की नंबर बरोबर आहे, नऊने भाग जातो.

"जात असेल काका," तो म्हणाला, "पण तुमची नात इथं नाही."

तिसऱ्या रविवारी त्यानंच माझी तब्येत विचारली. मीही अर्धा तास सांगत बसलो.

सोमवारी नातीचा फोन आला. "आजोबा, पेपर झाला. तीन रविवार मी फोनजवळ बसून होते."

मी नंबर म्हणून दाखवला, बेरजेसकट.

"तिसरा आणि सातवा अंक उलटे झालेत," ती म्हणाली. "जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं. पेपरात तेच विचारलं होतं म्हणे, आणि तिला आलं.

आता नंबर भिंतीवर लिहिलाय. रविवारी नात दहा मिनिटं बोलते, मग तिला खेळायला जायचं असतं. त्यानंतर मी तिसरा आणि सातवा अंक मुद्दाम उलटे करतो.

परवा शिंप्यानं बोलावून कोट हातात ठेवला. पहिल्या फोनवरची ऑर्डर, छाती पंचेचाळीस. माझी छत्तीस. नऊ इंच मोकळे. नात आत सहज मावेल.