रोह्याची धावती भेट

एकोणीसशे शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत पेण येथील ग्रामीण प्रबोधन उपविभागाने मराठी भाषेतील एका शब्दप्रयोगाचा अर्थ कायमचा निश्चित केला. शब्दप्रयोग होता 'धावती भेट'. तोपर्यंत तो कोणीही कसाही वापरीत असे. साहेब जीपमधून प्रबोधन केंद्रावर जात, दारातच चहा घेत, हात हलवत आणि निघून येत. दुसऱ्या दिवशी वर कळवले जाई, "केंद्रास धावती भेट दिली." यात काही चुकते आहे अशी शंका कोणालाही आली नव्हती. ती तपासणीला आलेल्या लेखापरीक्षकांना आली.

त्यांनी विचारले, "भेट धावती दिल्याचे नमूद आहे. प्रत्यक्षात साहेब जीपमध्ये बसून गेल्याचे दिसते. बसून दिलेली भेट धावती कशी, याचा खुलासा व्हावा." उपविभागाचे प्रमुख विष्णु कर्णिक साहेब निवृत्तीला टेकले होते आणि आख्ख्या नोकरीत त्यांनी एकही आक्षेप अंगावर येऊ दिला नव्हता. त्यांची झोप उडाली. त्यांनी शब्दकोश मागवला, 'धावणे' काढून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि सर्व कर्मचाऱ्यांना आत बोलावले.

"यापुढे धावती भेट धावतच दिली जाईल," ते म्हणाले. "भाषेशी खेळ मला चालणार नाही."

"आणि बसून द्यायची असली तर, साहेब?" कनिष्ठ लिपिक धनेश म्हात्रेने विचारले.

"बसून भेट देण्याची तरतूद नाही."

धनेश हा हमरापूरचा. नोकरीत कायम झाल्याचा त्याचा हुकूम मार्चमध्ये निघायचा होता, आणि त्याचे प्रेम रोह्याला होते. नागोठण्याच्या एका हळदीत बेंजोच्या दणक्यात त्याने प्रतिक्षाला पाहिले, तिने त्याला पाहिले, आणि सकाळी दोघे आपापल्या गावी गेले. पेण ते रोहा अंतर फार नाही असे नकाशा म्हणतो. दूरध्वनी खाते तसे मानत नव्हते. त्यांच्या लेखी रोहा हे परगाव होते. त्यामुळे धनेशला प्रेम करायचे ते एसटीडी बूथच्या काचेआड उभे राहून, बाहेर खोकणाऱ्या रांगेच्या साक्षीने. पलीकडे फोन विमलबाईंच्या किराणा दुकानात वाजे. विमलबाई आधी स्वतः ख्यालीखुशाली विचारून घेत आणि मग गल्लीत तोंड काढून ओरडत, "गो प्रतिक्षा, पेण हाय!"

त्या आठवड्यात ती धापा टाकत फोनवर आली. "बाबा म्हणतात, होळीच्या आत मुलानं घरी यावं नि स्वतःच्या तोंडानं मागणी घालावी. नाय तर नागोठण्याचा कंपनीतला मुलगा मला बघायला येतोय."

"रविवारी येतो."

"रविवारी बाबांची शिफ्ट हाय. त्यांना सुट्टी बुधवारी."

"बुधवारी माझं ऑफिस."

"मग रजा घे ना! विमलमावशी पण तेच सांगतायत."

धनेश रजा मागायला गेला. मार्चअखेरपर्यंत रजा बंद होत्या. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी सहानुभूतीने सगळे ऐकून घेतले. "म्हात्रे, लग्न करा. लग्नासाठी रजा आहे. मागणी घालण्यासाठी नाही. मागणी हा लग्नाचाच भाग आहे असे कोठेही म्हटलेले नाही."

म्हणून धनेशने महिन्याच्या शेवटच्या बुधवारची रोह्याची धावती भेट स्वतःहून मागून घेतली. रोह्याचे केंद्र प्रतिक्षाच्या घरासमोरच्या समाजमंदिरात भरत असे. त्याच्या मागणीला कोणीच हरकत घेतली नाही, कारण बाकीचे सगळे कार्यालयामागचे केंद्र आपल्यालाच मिळावे म्हणून भांडत होते.

त्याचा मित्र निकेश हमरापूरला गणपतीच्या मूर्ती रंगवायचा, त्यातही डोळे. त्याने तोड काढली. "येड्या, रेल्वेनं जा. गाडी पण धावतेच ना?" धनेशने हा मुद्दा साहेबांपुढे मांडला. साहेबांनी बराच विचार केला. "धावते ती रेल्वे," ते म्हणाले. "मग भेट रेल्वेची झाली. आपला विभाग निराळा आहे." तेव्हा पळण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि सरावाला सुरुवात झाली.

पहिली भेट खुद्द हमरापूरची. साक्षीसाठी मागे जीप होती. ड्रायव्हर रघू सोडून तिच्यात कोणी बसायचे नव्हते, कारण कोणी बसले की भेट बसती झाली असती. केंद्र आले तसा धनेश थांबू लागला, तर रघूने भोंगा वाजवला. "थांबू नको रं! थांबलास तर धावती कसली?" मग केंद्र चालवणाऱ्या ठमाबाईंना धनेशने सगळे प्रश्न केंद्राभोवती पळत विचारले. पुढच्या खिडकीपाशी प्रश्न, मागच्या खिडकीपाशी उत्तर. ठमाबाई आत एका खिडकीतून दुसरीकडे जाता जाता घामाघूम झाल्या. "याच्या मागं कुत्रा लागलाय काय गो?" त्यांनी शेजारणीला विचारले. प्रौढ शिक्षणाच्या त्या केंद्रात एवढी उपस्थिती त्याआधी कधी झाली नव्हती.

जिते गावाच्या वाटेवर रेल्वेचे फाटक बंद निघाले. धनेश फाटकाशी उभ्याउभ्या जागच्या जागी पळाला, मालगाडी जाईपर्यंत. भूदानासाठी देशभर चाललेल्या आचार्यांचे जन्मगाव गागोदे, तिथल्या लोकांना पायी हिंडणाऱ्या मोठ्या माणसांची सवय होती. पळणारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, म्हणून त्यांनी त्याच्या गळ्यात हार घातला, तोही पळतच. एव्हाना तालुकाभर बोलबाला झाला होता की हा पोलीसभरतीची तयारी करतोय. बाया त्याच्या हातात उकडलेली अंडी ठेवत. मित्रमंडळी वाढत गेली. निकेश सायकलवर कळशी बांधून बरोबर असायचाच, पण पेणच्या नाक्यावरची पोरे, बँकेतले दोघेतिघे, एक निवृत्त ड्रिल मास्तर असे सगळे "धनेशची सोयरीक जमवायची" म्हणत पळू लागले. त्या महिन्यात जो तो हसत होता आणि जो तो लंगडत होता. निकेश म्हणाला, "हात थरथरतो रे माझा. यंदाचे गणपती सगळे तिरके बघणार."

संध्याकाळी धनेश बूथवर जायचा. "आज गागोदे झालं," तो सांगायचा. "आता रोहाच राहिला." पलीकडे प्रतिक्षा खुदकन हसायची, आणि तिच्यामागे विमलबाईही.

शेवटच्या बुधवारी उजाडताना तो पेणहून निघाला. वडखळपर्यंत सगळी टोळी होती, नागोठण्यापर्यंत अर्धी, आणि भिसे खिंडीच्या चढाला फक्त निकेश उरला. सायकलला बसता येत नसल्याने तिला जीपमध्ये टाकायला रघूने हरकत घेतली नाही. निकेशला मात्र पळावे लागले. तो सरकारी माणूस नव्हता तरीही पळाला. असे मित्र मिळायला नशीब लागते, हे मी अगदी गंभीरपणे लिहितो आहे.

रोह्यात हिरामण, म्हणजे प्रतिक्षाचे वडील, अंगणात दोन पाट मांडून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. समाजमंदिराला घातलेली फेरी त्यांच्या अंगणातून जात होती. धनेश आला आणि पुढ्यातून पळत गेला.

"काका, मी धनेश, हमरापूरचा!" असे म्हणेपर्यंत तो समाजमंदिरामागे गेलाही. हिरामण वाट बघत राहिले. पुढच्या फेरीला ऐकू आले, "तुमच्या प्रतिक्षाला..." त्याच्या पुढच्या फेरीला, "मागणी..." आणि मग बऱ्याच उशिराने, कारण पाय उचलत नव्हते, "...घालायला आलोय!"

"अरे, मग बस की आधी!" हिरामण म्हणाले.

"बसता येत नाय काका! बसलो तर नोकरीत कायम होत नाय!"

"नि जो कायम नाय त्याला मी पोरगी देत नाय!"

"म्हणून तर पळतोय!"

हिरामण उठून उभे राहिले. "हे बघ पोरा. मागणी पाटावर बसून घालायची. माझ्या बापानं बसून घातली, आज्यानं बसून घातली. माझ्या दारात ज्याला टेकायला फुरसत नाय, त्याच्या घरात माझी पोर काय त्याच्या मागं पळत जेवण वाढेल? नागोठण्याचा तो मुलगा बसतो तरी."

धनेशने जीपकडे पाहिले. रघूने मान हलवली. "टेकलास तर मला सांगावं लागंल रं. साहेब माझ्या पोरांची शपथ घालून विचारतात." रघू खोटे बोलणाऱ्यांतला नव्हता, आणि त्याचे त्यालाच वाईट वाटत होते. बसले तर नोकरी गेली, नोकरी गेली की प्रतिक्षा गेली. न बसले तर प्रतिक्षा आधीच गेली. धनेशला रडू कोसळले. घामात ते कोणाला दिसले नाही, पण एका माणसाला दिसले. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

प्रतिक्षाने ट्रे ओट्यावर ठेवला आणि ती सरळ जीपपाशी गेली. "रघूदादा, साहेबांनी नेमकं काय सांगितलंय ते परत सांगा."

"भेट धावती पाहिजे."

"व्हय. पण धावायचं कोणी?"

 रघूने मागचा सगळा महिना आठवून पाहिला. "कोणी ते... नाय सांगितलेलं."

प्रतिक्षा वळली. "बाबा, तुम्ही धावा."

 विमलबाईंच्या दुकानात वजनाचा काटा अर्ध्यावर थांबला. "मी?" हिरामण म्हणाले.

"शिफ्टला उशीर झाला की धावताच ना बससाठी? मग एकदा माझ्यासाठी धावा."

हिरामणनी मुलीकडे पाहिले. मग त्यांनी इस्त्रीचा सदरा काढून दांडीवर टाकला, लुंगी वर खोचली आणि धावायला सुरुवात केली. त्याच क्षणी धनेश पाटावर बसला. बसला म्हणजे पडला. प्रतिक्षाने त्याच्या हातात कप दिला, आणि पहिला घोट घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही आले ते बघून निकेश तोंड फिरवून रडला.

बोलणी पाटाभोवती झाली. "घर..." पहिली फेरी. "स्वतःचं?" "व्हय काका." "शेती?" "थोडी. खाडीकडची." तिसऱ्या फेरीला हिरामणना मजा येऊ लागली. चौथ्या फेरीला विमलबाई दुकान उघडे टाकून त्यांच्या मागे धावल्या, मग भाऊबंद, मग समाजमंदिरातले सगळे प्रौढ विद्यार्थी, पाट्या-पेन्सिलींसकट. बेंजोवाल्याला कोणी बोलावले ते कळले नाही, पण तोही वाजवत धावत होता. शेवटी हिरामणनी खांबाला मिठी मारली आणि ते म्हणाले, "दिली! दिली रे बाबा!" तो होकार होता की दमणूक, हे मी सांगू शकत नाही. साक्षीदार भरपूर होते एवढे खरे.

गुरुवारी रघूने साहेबांपुढे जसे घडले तसे सांगितले. "भेट धावती झाली, साहेब. म्हात्रे बसला होता. लोक धावत होते."

कर्णिक साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी शब्दकोश उघडला. पुन्हा पडताळले. मग हळूहळू, आतून दिवा लावावा तसा तो चेहरा उजळत गेला. ते खुर्चीतून उठले आणि लगेच काहीतरी लक्षात येऊन पुन्हा बसले. "म्हात्रे," ते म्हणाले, "अहो, हे इतकी वर्षे कोणाच्याच कसे लक्षात आले नाही?"

धनेश कायम झाला. मे महिन्यात लग्न लागले, आणि हिरामण मांडवात प्रत्येकाला आपण किती फेऱ्या मारल्या ते वाढवून सांगत होते. प्रतिक्षा पेणला आली. विमलबाईंना करमत नाही म्हणून आता त्याच फोन करतात.

साहेबांनी काढलेला सुधारित आदेश असा होता: धावत्या भेटीत दोहोंपैकी एका पक्षाने धावणे पुरेसे आहे; अधिकारी बसलेला असल्यास समोरच्याने धावावे. लेखापरीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे तो शेजारच्या खात्यांनी मागवून घेतला, मग जिल्ह्याने, मग बाकीच्यांनी. इतका सोपा आदेश आजवर निघाला नसेल. त्याच्या अंमलबजावणीला कसलेही प्रशिक्षण लागले नाही.

तुम्ही हसताय. हसा. पण मागे त्या साध्या दाखल्यासाठी गेला होतात, तेव्हा या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून वरच्या मजल्यावर, वरून झेरॉक्सवाल्याकडे, आणि साहेब जेवायला उठायच्या आत पुन्हा वर, असे कोण धावले? आणि खुर्चीत कोण बसले होते? दाखला त्या दिवशी मिळाला नाहीच. तुम्ही बाहेर झाडाखाली घाम पुसत होतात, तोवर आतून वर कळवूनही झाले होते: नागरिकांस धावती भेट दिली.