आजोबा, वय ब्याण्णव, दात नाहीत

दाराच्या कडीला कुणाचा तरी डबा लटकलेला दिसला आणि कुकरचं डोकं फिरलं. कुकर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ऑफिसात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला कुकर म्हणायचे, कारण तो आधी बराच वेळ नुसता फुसफुसायचा, मग शिट्टी व्हायची, आणि त्या वेळी समोर जो असेल त्याचं काही खरं नसायचं. महासाथीत ऑफिस घरी आलं आणि शिट्ट्या ऐकायची पाळी घरच्यांवर आली.

"हा डबा तू मागवलास?" त्याने बायकोला विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवायची, सध्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून.

"मला वाटलं तू. कालचाही तूच मागवला असशील म्हणून मी काही बोलले नाही."

"कालचा? कुठाय कालचा?"

"बाबांनी खाल्ला. मीठ कमी होतं म्हणाले."

बाबा, म्हणजे कुकरचे वडील, मागच्या खोलीत राहायचे. आयुष्यभर ते नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याला ऐकू जाईल, प्रेक्षकांना जाणार नाही अशा बेताने पुरवायचं, हे त्यांचं काम. तीच सवय पुढे राहिली. ते घरात आहेत की नाहीत हे चपला बघून ठरवावं लागायचं.

कुकरने डब्यावरची चिठ्ठी वाचली. 'आजोबा, वय ब्याण्णव, दात नाहीत, मऊ जेवण.' वाचताच त्याने कपाळाला हात लावला, कारण हे आजोबा त्याने स्वतः जन्माला घातले होते.

झालं होतं असं, की घरात बसून नुसतं चिडण्यापेक्षा समाजासाठी काहीतरी करावं असं त्याच्या मनाने घेतलं. मग तो समाजासाठी चिडू लागला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जेवण पोचवणारी आणि रोज फोनवर त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारणारी एक संस्था होती. ती चालवायच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणायचे. बाईंचा सगळा कारभार फळ्यावर खडूने चालायचा. एकदा कुणीतरी फळा पुसला आणि अर्धं गाव उपाशी राहिलं, हे ऐकून कुकर इतका संतापला की एका आठवड्यात त्याने संस्थेला फुकट सिस्टीम बनवून दिली. कुणाचं नाव टाकलं की जवळात जवळचा स्वयंसेवक सिस्टीम आपणहून शोधायची.

बाईंची अट एकच होती. "नातेवाइकांच्या सांगण्यावरून कुणाचं नाव काढायचं नाही. मुलगा म्हणतो आम्ही बघतो, आणि बघत कुणीच नाही. त्या माणसाने स्वतः सांगितलं तरच काढायचं."

कुकरला हे मनापासून पटलं. त्याने तसं कुलूपच घातलं आणि सगळ्या किल्ल्या बाईंच्या हवाली केल्या. वर दमही दिला, "उद्या मी स्वतः येऊन हात जोडले तरी ऐकायचं नाही."

सिस्टीम चालते का हे बघायला त्याने एक खोटे आजोबा भरले होते. पत्ता स्वतःचा, फोन घरातलाच जुना लँडलाइन, जो वाजलेला त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. कानाला दिवसभर हेडफोन असल्यावर ऐकणार कुठून? एकटे राहतात, कमी ऐकू येतं, बोलायला घरात कुणी नाही. स्वयंसेवकाच्या जागी नाव हवंच होतं, तिथेही त्याने स्वतःलाच टाकलं. मग कौतुकाच्या भरात हे सगळं पुसायचं राहून गेलं.

आता त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. कुठल्या तरी खऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडचा घास आपल्या दाराला लटकतोय, या विचाराने त्याने चहाचा कप बाजूला सारला. त्याने बाईंना फोन लावला.

"बाई, ते ब्याण्णव वर्षांचे आजोबा काढून टाका. ते नाहीतच."

"अरे देवा, कधी गेले?"

"गेले नाहीत. नव्हतेच. मी खोटे भरले होते."

"खोटे कसे? डबा कालपासून लावला, पण डॉक्टरीणबाई तर पंधरा दिवस रोज बोलतायत त्यांच्याशी. आणि दात सगळे शाबूत आहेत म्हणे. तुमची माहिती चुकलीय."

या डॉक्टरीणबाई म्हणजे दातांच्या डॉक्टर. दवाखाना बंद पडल्यामुळे त्या फोनवर गप्पा मारायचं काम करत होत्या. नेमलेल्या स्वयंसेवकाचा एकही फोन गेला नाही, म्हणून बाईंनी आजोबा त्यांच्याकडे सोपवले होते. तोंडात अवजार नसलं की समोरचा माणूस बोलू शकतो याचा त्यांना भारी आनंद झाला होता.

कुकरची शिट्टी झाली. जो माणूस जन्माला आलेला नाही त्याच्याशी ही बाई रोज अर्धा तास बोलते म्हणजे काय? घरबसल्या काम केल्याचं दाखवायचं, नाव मिळवायचं, आणि तिकडे खरी माणसं फोनची वाट बघत बसणार. त्याने सगळ्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'काही जण न केलेल्या गप्पा नोंदवत आहेत. लाज वाटली पाहिजे.' आणि खाली आजोबांचा तपशील, म्हणजे कुणाला शंका राहायला नको.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर लगेच आलं. 'मी काम सोडते आहे. ज्यांना शंका आहे त्यांनी स्वतः अर्धा तास त्यांच्याशी बोलून बघावं.'

"काहीतरी चुकतंय तुझं," बायको म्हणाली. "आधी नीट विचारायचंस तरी."

"पुरावा आहे माझ्याकडे. तो माणूसच नाहीये."

दुपारी बेल वाजली. दारात बाई उभ्या होत्या, तोंडाला मास्क, हातात छत्री. अंतर राखायला त्यांनी ती आडवी धरली होती, पण रोख कुकरच्या पोटाकडे होता.

"आजोबांना भेटल्याशिवाय मी जाणार नाही."

"बाई, इथे आजोबा नाहीत हो. किती वेळा सांगू?"

"पलीकडच्या खोलीत एक माणूस दिवसभर ओरडत असतो, असं आजोबांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलंय. माझी खात्रीच पटली. तो माणूस तुम्हीच. तुम्ही त्यांना आत कोंडून ठेवलंय आणि वर नाव काढायला निघालात."

"कोंडून? मी? माझ्याच घरात येऊन तुम्ही मला..." कुकरचा आवाज जिन्यातून पार खालपर्यंत गेला. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, वरच्याही मजल्यावरचं उघडलं.

तेवढ्यात मागच्या खोलीचंही दार उघडलं.

"बाई का?" बाबा हळूच म्हणाले. "आवाज ओळखला मी. त्या दिवशी तुम्हीच पहिला फोन केला होतात."

कुकरने बाबांकडे बघितलं, मग त्यांच्यामागे स्टुलावर ठेवलेल्या लँडलाइनकडे, आणि त्याला सगळं एकदम कळलं. कळलं तशी त्याला आणखीच चीड आली.

"बाबा, तुम्ही एकटे राहता म्हणून सांगितलंत? आम्ही दोघं इथे असताना?"

"मी कशाला सांगू? त्या डॉक्टर मुलीनेच विचारलं, तुम्ही एकटे असता, घरात बोलायला कुणी नाही, असं इथे लिहिलंय, खरं का? मी म्हटलं, ज्याने लिहिलंय त्याला माहीत असणार."

बाईंनी छत्री खाली केली. "लिहिलंय कुणी?" त्यांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण मुख्याध्यापिका होत्या त्या, उत्तर पोराच्या तोंडून आल्याशिवाय सोडणार नव्हत्या.

"मी," कुकर म्हणाला. त्याला जबरदस्त राग आला होता, पण तो काढायला समोर कुणी सापडेना.

"नियम नियम आहे," बाई बाबांकडे वळून म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तसं. काढू नाव?"

"डबा बंद करा. कुणाला तरी खरंच लागत असेल. फोन राहू द्या."

"डॉक्टरीणबाईंनी काम सोडलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा कुकरकडे बघितलं.

बाबांचा चेहरा पडला. "उद्या ती पहिल्या पेशंटची गोष्ट सांगणार होती मला," ते म्हणाले. कुकरने त्यांचा इतका पडलेला चेहरा आई गेल्यानंतर बघितला नव्हता. त्याला बोलायचं होतं, पण खिशातला मोबाइल वाजला. स्वयंसेविकेने काम सोडल्यामुळे सिस्टीमने आपलं काम चोख केलं होतं. 'आपल्याला आजोबा नेमून दिले आहेत. अंतर शून्य. रोज अर्धा तास. काम नको असल्यास बाईंशी बोला.'

बाई समोरच उभ्या होत्या.

संध्याकाळी त्याने ग्रुपवर लांबलचक माफी मागितली. डॉक्टरीणबाईंनी 'विचार करते' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन काढून ठेवले, खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. बाबा पलंगावर होते. घड्याळ टिकटिक करत होतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ज्याचं तोंड धरावं लागायचं त्याला आता एक शब्द सुचेना, आणि सुचत नाही म्हणून तो आतल्या आत धुमसू लागला.

बाबांनी भिंतीकडे बघितलं आणि ओठ फारसे न हलवता हळूच म्हणाले, "'बाबा, दिवसभर काय करता तुम्ही?'"

कुकरने मान वर केली. "बाबा, दिवसभर काय करता तुम्ही?"

मग बाबा बोलायला लागले ते अर्धा तास होऊन गेला तरी थांबले नाहीत. मध्ये कुकर अडला की त्याचं पुढचं वाक्यही तेच पुरवायचे.

नियमाप्रमाणे संध्याकाळी बाईंनी आजोबांना फोन करून विचारलं, नवा स्वयंसेवक कसा वाटला. कुकर दाराबाहेर कान लावून उभा होता.

"माणूस बरा आहे," बाबा म्हणाले. "पाठांतर कच्चं आहे."