रॉकेटच्या टोपलीखालची आंघोळ

ही टोपली आता भरलेलं पिंपसुद्धा पेलणार नाही, असं मी आमच्या विभागाच्या प्रमुख रिम्मा ल्वोव्हनाबाईंना छातीठोकपणे सांगितलं होतं.

टोपली म्हणजे रॉकेटचा भाग. कार्बनच्या धाग्यांच्या तिरक्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेलं, माणसापेक्षा उंच असं जाळीदार नळकांडं, बाजूला आत शिरायला एक दार. मॉस्कोजवळच्या आमच्या संस्थेत अशा टोपल्या बनतात. तिच्यावर काही आदळलं तर ताकद किती उरते, ते संगणकावर काढणं हे माझं काम. आम्ही तिच्यावर लोखंडी गोळा सोडला, दोन पट्ट्या तडकल्या आणि माझ्या पडद्यावर अख्खी टोपली कमळासारखी मिटत खाली बसली. इतकं देखणं दृश्य, की मी ते पुन्हापुन्हा पाहत राहिलो आणि त्याच तंद्रीत टोपलीला 'निकामी' अशी चिठ्ठी बांधून आलो.

बाईंना ती यंत्रात दाबून माझा हिशेब पडताळायचा होता. पण टोपलीच गायब! ती मिळाली नाही तर तुझं वर्षाचं काम कचऱ्यात, असं बाईंनी शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात बायकोचा, ल्यूस्याचा, फोन आला. बाबांनी दाचावर, म्हणजे गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, काहीतरी गंमत केलीय, लगेच ये म्हणाली. माझे सासरे सावेली कुझमिच आमच्याच संस्थेचा ट्रक चालवतात. 'निकामी'ची चिठ्ठी बघून त्यांनीच टोपली उचलली असणार, म्हणून मी तसाच निघालो.

दाचाच्या बागेत सफरचंदांच्या झाडांमागे टोपली उभी होती. माथ्यावर पाण्याचं पिंप, खाली सासरे आंघोळ करत होते. जाळीतून ऊन झिरपत येत होतं, गवतावर सोनेरी चौकटी हलत होत्या, तुषारांत इंद्रधनुष्य तरंगत होतं. मी कशासाठी आलोय तेच विसरलो. मग ते कमळ आठवलं.

"बाबा, बाहेर या. ते पडणार आहे."

"अंगाला साबण आहे, जावईबापू. कधी पडणार?"

"हिशेबाप्रमाणे केव्हाच पडलंय."

"मग पाठ धुऊनच येतो," म्हणत ते गुणगुणू लागले.

मी नाइलाजाने बाईंना बोलावलं. त्या आल्या, टोपलीभोवती फिरल्या, तडकलेल्या पट्ट्यांवर बोटाने टकटक करून कान देऊन ऐकत राहिल्या. मग पिंप काठोकाठ भरायला लावलं. वर बटाट्यांची पोती चढवली. टोपली हूं की चूं करेना. बाई गवतावर माझ्याशेजारी चहा घेऊन बसल्या. पानं सळसळत होती, मधमाश्या गुंजत होत्या.

"ग्लेब, दोन पट्ट्या तुटल्या म्हणून तू संगणकात सगळीच वीण उसवलीस. बाकीच्या पट्ट्यांनी भार वाटून घेतला का, हे टोपलीला विचारायचंच राहिलं तुझं. नव्याने मांड. काम फुकट नाही गेलं."

मला हायसं वाटलं. यंत्रासाठी टोपली उद्या परत न्यायची ठरली. आंघोळीची नवी सोय जाणार म्हणून सासूबाई हिरमुसल्या, तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे टॉवेल मागितला आणि स्वतःच आत शिरल्या. मागून ल्यूस्या गेली, सासूबाई गेल्या. सगळे ओल्या केसांनी, तृप्त चेहऱ्याने उन्हात बसले.

मीही टॉवेल घेऊन टोपलीच्या दारापर्यंत गेलो. वर पाहिलं. मग विहिरीवर जाऊन बादलीनेच आंघोळ केली.