मधली धार

तापाने सासऱ्यांचा जीव नेला आणि जावयाचं नाक. जीव गेला तो सगळ्यांना दिसला. नाक जागच्या जागी असल्यामुळे त्यातला वास गेल्याचं कुणाला कळलं नाही. जावयानेही कळू दिलं नाही. घरची दारूची भट्टी आता त्याच्या हाती होती, आणि सासूबाईंनी डोळे पुसता पुसताच बजावलं होतं, "ज्या दिवशी या भट्टीत नाक उरणार नाही, त्या दिवशी कुलूप!"

भट्टीचं सगळं काम नाकावर चालायचं. रानातली आंबट बोरं आणि ओढ्याकाठचा पुदिना घालून दारू गाळायची. तिची पहिली धार विषारी, ती फेकायची, मधली ठेवायची. पहिली संपून मधली कधी लागली, हे वासच सांगतो. जावयाने शक्कल लढवली. भट्टी बघायला लोकांना बोलवायचं आणि धारेखालचा पेला त्यांच्याच नाकाशी धरायचा. "सांगा बघू, कसला वास येतोय?" लोक "नेलपॉलिश!" म्हणाले की धार गटारात. "बोरं!" म्हणाले की तोटी फिरवायची. पाहुण्यांना वाटे, काय हा मान! सासूबाईही दर खेपेला मागे उभ्या राहून मन लावून ऐकत.

त्या दिवशी एका कचेरीतली मंडळी आली. त्या दिवशीच निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या कारकुनाला निरोप द्यायचा होता. कारकून दारूला शिवत नसे, पण सहलीची जागा साहेबांनी निवडली होती.

पहिले थेंब पडले. जावयाने पेला साहेबांपुढे धरला. साहेबांनी भिंतीवरची 'रानबोरं आणि पुदिना' ही पाटी नीट वाचून घेतली आणि मग डोळे मिटले.

"बोरं. स्वच्छ बोरं."

"बोरंच, साहेब!" मंडळी म्हणाली.

"आणि मागून पुदिना."

"मागून पुदिनाच!"

जावई चपापला. इतक्या लवकर? पण एवढी नाकं एकमुखाने बोलत होती. त्याने तोटी फिरवली. धार सासऱ्यांच्या पिंपात पडू लागली. त्यात त्यांच्या हातची शेवटची दारू होती. नवी मधली धार जुनीत मिसळायची, हा त्यांचाच दंडक. खात्रीसाठी त्याने पेला मागे नेला.

"आई, बघता जरा?"

सासूबाईंनी दीर्घ श्वास घेतला. "अगदी यांच्या हातचं."

जावयाचा जीव भांड्यात पडला.

"माफ करा," कारकून म्हणाला, "पण हे नेलपॉलिश आहे."

"काय?" साहेब गरजले.

"पहिल्यापासून नेलपॉलिशच आहे, साहेब. काल असतं तर मीही बोरं म्हणालो असतो. आज दुपारी कचेरीतल्या कपाटाच्या चाव्या परत दिल्या मी."

जावयाने झटक्यात तोटी बंद केली आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या पेल्यात बघत होत्या.

"आई, तुम्हाला वास..."

"नाही येत. तापापासून. म्हटलं, तुम्ही आहात ना, जावईबापू." त्या थांबल्या. "म्हणजे तुम्हालाही?"

"म्हटलं, चुकलो तर तुम्ही मागे आहात ना."

"मग कुलूपच," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, आणि जावयाला तेच सोसवेना.

पण विष कुलपात ठेवून चालणार नव्हतं. जावयाने पिंपाचं बूच काढलं. सासऱ्यांच्या हातचं शेवटचं जे काही होतं, ते गटाराकडे धावू लागलं. त्याला रडू फुटलं. सासूबाई खाली बसल्या, ओंजळ भरली, नाकाशी नेली, पुन्हा नेली. मग ती ओंजळ त्यांनी कारकुनापुढे धरली.

"तुम्ही सांगा हो. त्यांचं काही उरलंय का यात?"

कारकून वाकला. त्या उग्र दर्पाने त्याला ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसत त्याने सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"आहे, बाई," तो म्हणाला. "फार सुंदर वास आहे."

"मी पहिल्यापासून तेच म्हणतोय," साहेब म्हणाले.

"पहिल्यापासूनच, साहेब!"