सर्व्हर दहा मिनिटे बंद राहील

पवनीच्या एका धान खरेदी संस्थेतला सर्व्हर आठवडाभर कण्हत होता, आणि त्याच्या पोटात दोन हजार शेतकऱ्यांची नावं होती. तो गेला की नावं गेली. म्हणून संगणकाचं काम पाहणाऱ्या अंकुशनं शेजारी दुसरा सर्व्हर मांडला. जुन्यात लिहिलेलं लगेच नव्यात उतरायचं. जुना पडला, तर त्याच्या जागी नव्यानं उभं राहायचं. आतापर्यंतची नावं त्यानं काम न थांबवताच नव्यात उतरवली. शेवटची जोडणी करायला तेवढी दहा मिनिटं जुना बंद ठेवावा लागणार होता.

नेमका तो सरकारी हमीभावानं धान विकायच्या नोंदणीचा शेवटचा दिवस. पाचपर्यंत नाव चढलं नाही, तर धान व्यापारी म्हणेल त्या भावानं द्यायचं. अध्यक्ष वासुदेवराव म्हणाले, "एक बी माणूस सुटला तं तुले जाब द्या लागन."

"नाही सुटत, साहेब."

अंकुश सरळ माणूस. त्यानं दारावर कागद लावला: 'सर्व्हर एक ते एक दहा बंद राहील.' रांगेत साठ जण होते. आईला, विमलाबाईला, त्यानं गर्दी ओसरल्यावर चारनंतर नाव चढवायला यायला सांगितलं होतं. एकच्या ठोक्याला त्यानं मशीन बंद केली. नऊ मिनिटांत दोन्ही सुरू. इतकं नेटकं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

बाहेर येऊन पाहतो तो व्हरांडा रिकामा. शिपाई मंदाबाई तेवढ्या झाडत होत्या.

"लोक कुठं गेले?"

"घरी. सर्व्हर बंद म्हणजे तीन दिवसाची निश्चिंती, मुदत वाढनच म्हणे."

अंकुशनं फोन लावायला घेतले. रांगेतले पहिलेच ईश्वरभाऊ हसले. "नऊ मिनिटात? कायले गंमत करून राहिला, बाबू?" बाकीच्यांनी तेवढंही ऐकून घेतलं नाही. शेवटी तो गावात दवंडी देणाऱ्या भैयाजींच्या भोंग्याच्या ऑटोत बसला. "सर्व्हर सुरू झाला हो!" लोक ओट्यावर येत, ऐकत आणि आत जात.

"असं नाही जमत," भैयाजी म्हणाले. "चांगली बातमी कोणाले पटते?"

चार वाजून गेले. अंकुशनं भोंगा पुन्हा हातात घेतला. मग त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. "ऐका हो! सर्व्हर पुन्हा बंद पडून राहिला! अर्धाच तास चालन!"

पाच मिनिटांत रांग फाटकाबाहेर गेली. पाचला साठावं नाव चढलं आणि नोंदणी आपोआप बंद झाली. कोणाच्या वशिल्यानं ती उघडू नये, अशी तजवीज त्यानंच केली होती. तो खुर्चीत टेकला आणि ताडकन उठला. माय!

त्यानं फोन लावला. "माय, तू काहून नाही आली?"

"निघालीच होती. तं भोंग्यावर तुहा आवाज आला, बंद पडून राहिला म्हणून. लय घाबरला होता तू. म्हटलं, अर्ध्या तासात पोरगं कोणाकोणाले पुरन? आपण एक कमी झालो, तं तेवढंच त्याले हलकं."

 अंकुशच्या खोट्याला घाबरून साठ माणसं धावत आली होती. त्याच्या काळजीपोटी एकच माणूस माघारी फिरलं होतं.

वासुदेवराव आत डोकावले. "काय रे, दोनी मशिनी बराबर चालून राहिल्या ना?"

अंकुशनं दोन्ही पडद्यांवर यादी उघडली आणि नावाला नाव ताडून पाहिलं.

"एकदम सारख्या, साहेब. माय याच्यात नाही, त्याच्यात बी नाही."