बेस होतं की मघाशी

"स्पीकर बिघडला म्हणून घाबरायचं नसतं. त्याला फक्त कान लागतो. दहा मिनिटांत करून दाखवतो," इंजिनिअरने सकाळचा चहा पिता पिता जाहीर केलं. त्याच्या बायकोने हे ऐकलं आणि मुकाट्याने दिवसभराच्या कामांची फेरआखणी करायला घेतली. इंजिनिअरची दहा मिनिटं तिच्या चांगल्याच ओळखीची होती.

इंजिनिअर म्हणजे काही खराखुरा इंजिनिअर नव्हे. तो विमा कंपनीत कारकून होता. लहानपणी त्याने वडिलांची इस्त्री उघडली आणि परत बंद केली, तेव्हा तीन स्क्रू उरले होते. वडील शिंपी. दिवसभर तोंडात टाचण्या धरून बसायचे, त्यामुळे बोलणं जेमतेम. त्या दिवशी मात्र त्यांनी टाचण्या काढल्या, ते तीन स्क्रू तळहातावर घेऊन नीट पाहिले आणि म्हणाले, "इंजिनिअर झालास." टाचण्या परत तोंडात गेल्या, आणि नाव मात्र जन्माचं चिकटलं.

वडील जाऊन चार महिने झाले होते. घराच्या पुढच्या खोलीतलं दुकान आवरलं, शिलाई मशीन शिवणक्लासला देऊन टाकलं आणि आई इंजिनिअरकडे राहायला आली. आली ती गप्पच. विचारलं तर बोलायची, वाढलं तर जेवायची, बाकी वेळ हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसायची. इंजिनिअरला ते बघवत नसे. काहीतरी करायला हवं, एवढं त्याला कळत होतं. काय करायचं ते कळत नव्हतं, आणि अशा वेळी तो सहसा स्क्रूड्रायव्हर काढतो.

या खेपेला मात्र एक गोष्ट हाती लागली होती. दुकान आवरताना बटणांच्या डब्याच्या तळाशी एक कॅसेट निघाली. ताई शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेची तयारी करायची, तेव्हाची. इंजिनिअरने ऑफिसातल्या एका मित्राचा जुना टेपरेकॉर्डर मागून आणला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि ती कॅसेट आत उतरवून घेतली. उतरवणं संपलं आणि त्याच क्षणी टेपरेकॉर्डरने घास घेतला. आत गेली ती कॅसेट, बाहेर निघाला तो तपकिरी गुंता. म्हणजे आता जे काही उरलं होतं ते कॉम्प्युटरमधल्या त्या एका फाइलमध्ये. संध्याकाळी ताई जेवायला येणार होती. तेव्हा सगळ्यांनी मिळून आईला ते ऐकवायचं, असा बेत होता.

अडचण एकच होती. फाइल लावली की ताईचं भाषण सुरू व्हायचं, आणि त्याच्याखालून "भर्र... भर्रर्र" असा काहीतरी आवाज यायचा. स्पीकरचा मोठा डबा टेबलाखाली थरथरायचा.

"बेस फाटतोय," इंजिनिअर म्हणाला.

"काय फाटतंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"बेस, बेस. खालचा जाडा आवाज."

"मग आईंना द्या. त्या शिवून देतील."

इंजिनिअरने या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं. त्याने आवाज कमी करून पाहिला, वायरी काढून परत खुपसल्या, सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकलं. डब्याखाली टॉवेल घातला. टॉवेलखाली उशी घातली. मग त्याने कुठेतरी वाचलं की दोष विजेच्या प्लगचा असू शकतो. झालं. कॉम्प्युटर, स्पीकर आणि वायरींचं सगळं बिऱ्हाड उचलून स्वयंपाकघरात आलं आणि ओट्याजवळ मिक्सरच्या प्लगला लागलं. भर्र काही थांबली नाही. आता मिक्सर मात्र चालत नव्हता.

"मला चटणी वाटायची आहे," बायको म्हणाली.

"दहा मिनिटं."

इंजिनिअरने मग स्पीकर पिशवीत भरले आणि दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने त्यावर स्वतःच्या आवडीचं एक दणदणीत गाणं लावलं. गाणं खणखणीत वाजलं. दुकानदाराने मान डोलावली. "स्पीकर ठणठणीत आहे साहेब. तुमच्या घरात काहीतरी हलतंय."

घरात काय काय हलतं हे इंजिनिअरला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. शोकेसची काच, डब्यांची झाकणं, भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिजवरची फुलदाणी. बायकोला त्याने दोन्ही हात पसरून शोकेसला मिठी मारायला लावलं. स्वतः एक पाय स्पीकरच्या डब्यावर आणि एक हात फ्रिजवर, असा उभा राहिला. आणि एका बोटाने भाषण चालू केलं. भर्र.

"मी सोडू का?" शोकेसला चिकटलेल्या बायकोने विचारलं.

"सोड."

हा सगळा वेळ आई स्वयंपाकघरातच खुर्चीवर भाजी निवडत बसली होती. कॉम्प्युटर आल्यापासून ती खिडकीपाशी परत गेलीच नव्हती. इंजिनिअरच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या लक्षात आलं ते एवढंच की आईचे कान अजून शाबूत आहेत. त्याने भाषणाच्या सुरुवातीचा तुकडा पुन्हा लावला. "आई, कसं वाटतंय ऐकायला?"

"बेस," आई म्हणाली.

इंजिनिअर थक्क झाला. आईलाही कळतंय! आता खरं पाहता आईचा तो लहानपणापासूनचा शब्द. सदरा अंगात नीट बसला की बेस, चहा जमला की बेस, जावयाचा फोन आला की बेस. इंजिनिअर हे ऐकतच मोठा झालेला. पण दिवसभर स्पीकरच्या डब्यात डोकं घातलेल्या माणसाला जगात एकच बेस उरतो.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "मी तेच म्हणतोय. बेसच आहे."

मग त्याने जालीम उपाय काढला. आवाज साफ करण्याचा एक प्रोग्राम त्याने उतरवून ठेवला होता. त्यात घातली फाइल, आणि खालचा जाडा आवाज थोडा कापला. "आता?"

आई भाजी निवडता निवडता थांबली. "बेस होतं की मघाशी."

"होतं ना? म्हणजे कमी होतंय." इंजिनिअरने आणखी थोडं कापलं. "आणि आता?"

"मघाचंच बेस," आई जरा नाराजीने म्हणाली.

"अजून मघाचाच आहे? थांब, मुळासकट काढतो."

बेस होता की होतं, याचा विचार करायला इंजिनिअरला वेळ नव्हता. त्याने कापलं, परत कापलं, उरलंसुरलं खरवडलं. शेवटी ताईचं भाषण असं स्वच्छ ऐकू यायला लागलं की तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा वेगळा काढता यावा. त्याने फाइल जुन्या फाइलवरच सेव्ह केली आणि हात झटकले. आईने भाजी घेऊन भिंतीकडे तोंड केलं. समाधान झालं असेल, असं इंजिनिअरला वाटलं.

संध्याकाळी ताई आली. सगळे स्वयंपाकघरातच खुर्च्या ओढून बसले. "स्टुडिओत करतात तसं करून दिलंय," इंजिनिअर म्हणाला आणि या वेळी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली.

बालवयातली ताई कडाडली, "अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो!" मोठ्या ताईने हसून तोंडावर पदर घेतला. बालताई अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, पुन्हा अडखळली. मग मागून, लांबून, तरुणपणच्या आईचा आवाज आला. "अहो, चहा ठेवू का?"

शांतता.

"बिनसाखरेचा चालेल? साखर संपलीये."

शांतता.

"रविवारी माझ्या मामांकडे जायचंय. याल ना?"

पुन्हा शांतता. मग बालताई, "अध्यक्ष महाशय."

आईने हातातली वाटी खाली ठेवली. "ह्यांना कुठे घालवलंस रे?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"मी एवढं विचारतेय, आणि हे उत्तरच देत नाहीत. सकाळी होते. मी ऐकलं ना."

इंजिनिअरला काही उमगेना. ताईला मात्र उमगलं. "अरे देवा," ती हळूच म्हणाली. "टेपरेकॉर्डर मी बाबांच्या मशीनवर ठेवला होता. घरात तेवढीच एक सपाट जागा होती."

आई सांगायला लागली, आणि चार महिन्यांत बोलली नव्हती तेवढं एका दमात बोलली. तोंडात टाचण्या, मग बोलणार कसे? पायानेच बोलायचे. एकदा पायडल दाबलं की हो. दोनदा दाबलं की नाही. आणि लांबलचक दाबलं की विषय बंद. "तीस वर्षं आमचं असंच चाललं. तुम्हाला वाटायचं, बाबा शिवतायत. बरेचदा ते माझ्याशी भांडत असायचे."

त्या मशीनच्या आवाजात इंजिनिअर जेवला होता, अभ्यास केला होता, झोपला होता. इतका मुरलेला आवाज होता तो, की कानाला तो कधी आवाज वाटलाच नाही. आणि आज त्याने तो स्वतःच्या हातांनी खरवडून काढला होता. कॅसेटचा गुंता झालेला. फाइलवर फाइल सेव्ह केलेली. बाबांचा आवाज म्हणून जगात जे काही होतं ते एवढंच.

"झालं ना तुमचं?" नवऱ्याचा चेहरा न बघताच बायको म्हणाली आणि ओट्याकडे वळली. "हा प्लग काढते. चटणी राहिलीये."

"नको!" इंजिनिअर असा ओरडला की ताईच्या हातातला पेला सांडला. त्याने झेप घेऊन बायकोचा हात धरला. प्रोग्राम अजून उघडा होता. उघडा आहे तोवर मागे जाता येतं, बंद झाला की संपलं, एवढं इंजिनिअरलाही माहीत होतं. प्लगसमोर बायकोला पहाऱ्यावर उभं करून तो कीबोर्डसमोर बसला. त्याने एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. दर पावलाला तो स्पीकरला कान लावायचा आणि सगळे श्वास रोखायचे. आधी नुसती कुजबुज आली. मग दूरवर काहीतरी फिरल्यासारखं. शेवटची पायरी मागे घेतली आणि त्याने स्वयंपाकघरात पुन्हा सगळं पहिल्यापासून लावलं.

"अहो, चहा ठेवू का?"

भर्र.

"बिनसाखरेचा चालेल? साखर संपलीये."

भर्र, भर्र.

"रविवारी माझ्या मामांकडे जायचंय. याल ना?"

भर्रर्रर्रर्रर्र! स्पीकरचा डबा उशीवरून घसरला, झाकणं किणकिणली, शोकेसची काच थरथरली. बायको सवयीने मिठी मारायला धावली.

"सोड गं ते," आई म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "हलू दे. आलेच नाहीत बघ मामांकडे. मी एकटीच गेले." आणि तिने इंजिनिअरला पुन्हा लावायला सांगितलं. मग परत एकदा. आवाज वाढवायलाही सांगितलं.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून उभे होते. "काही नाही, नुसतं विचारायला आलो. आमच्या छतातून घरघर येतेय. काही यंत्र बसवलंत का?"

"नाही हो." इंजिनिअरने मान खाली घातली. मग खरं तेच सांगितलं. "वडील शिवतायत."

गृहस्थ चार महिन्यांपूर्वी भेटायला येऊन गेलेले होते. आतून येणारा आवाज त्यांनी मान कलती करून ऐकला. "असं होय," ते सावकाश म्हणाले. "मग... वेळ लागेल का अजून?"

इंजिनिअर उत्तर देणार, तोच आतून आईचा आवाज आला. "त्यांना म्हणावं, शाळेचे गणवेश आहेत. आज काही लवकर आटपणार नाही."