गद्रेकाकांच्या खोलीला स्थळ आलंय

"वर्षाबाई, उद्या रविवारी चारला मोकळ्या आहात ना? खोलीला स्थळ आलंय."

गद्रेकाकांचा असा फोन आला की मी मुकाट्याने कोथिंबीर निवडायला घेते. स्थळ म्हणजे भाडेकरू. बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये काका माझ्या समोरच्या दारात राहतात. घर ऐसपैस, माणूस एकटा. त्यातली एक खोली त्यांना भाड्याने द्यायची आहे, निदान जाहिरातीत तरी तसं लिहिलंय. सिंगापुरात खोली दाखवायला पाच मिनिटं पुरतात. हा पलंग, हा एसी, डिपॉझिट कधी देताय? काकांचा मात्र रीतसर कार्यक्रम असतो. इस्त्रीचा सदरा, टेबलावर क्रोशाचा रुमाल, बशीत कांदेपोहे, वर ओलं खोबरं, मागून चहा. आणि समोरच्याने पहिला घास घेतला रे घेतला की पहिला प्रश्न.

"तुम्हाला स्वप्नं कशी पडतात?"

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ठसकाच लागला. पाहुणा गेल्यावर म्हटलं, "अहो काका, पगार विचारा, नोकरी विचारा. स्वप्नं कसली विचारताय?"

"पगार आज आहे, उद्या नाही. आणि जागेपणी माणूस थापा मारतो, वर्षाबाई. भिंतीपलीकडे कोण झोपणार, ते मला कळायला नको?"

बुओना व्हिस्टाच्या कुठल्याशा कंपनीतला एक पुण्याचा इंजिनिअर म्हणाला, "काका, मला स्वप्नंच पडत नाहीत." झालं! "ज्याला स्वप्नं पडत नाहीत तो एसी रात्रभर चालू ठेवणार," म्हणून तो बाद. सेंगकांगहून एक नर्स आली. तिला म्हणे स्वप्नात सारखे जिने दिसायचे, उतरून उतरून संपायचेच नाहीत. काकांना तिची इतकी दया आली की त्यांनी तिला दोनदा पोहे वाढले. पण खोली नाहीच दिली.

नकारसुद्धा ठरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज जायचा: "हॉरोस्कोप नॉट मॅचिंग. सो सॉरी." आता पत्रिका जुळत नाही हे आपल्याकडे मुलीकडचे लोक कळवतात, नाहीतर मुलाकडचे. घरमालकाने भाडेकरूला कळवलेलं मी तरी आजवर ऐकलं नव्हतं. काका स्वतः बिनलग्नाचे. तरुणपणी पुण्यात घरोघरी पोहे खाल्ले आणि घरोघरून हेच उत्तर आलं. मग एका जहाज कंपनीचे हिशेब लिहायला इथे आले, इथलेच नागरिक झाले, निवृत्त झाले. तेव्हाचं ते उत्तर त्यांनी जपून ठेवलं असावं.

खरं सांगू, मलाही त्या दुपारी आवडायच्या. चारचं मऊ ऊन खिडकीतून टेबलावर यायचं, खालच्या झाडांवर मैना भांडत असायच्या, आणि एखादा परका माणूस हातात बशी धरून हळूहळू आपलं स्वप्न सांगत असायचा. ऐकता ऐकता मलाही गुंगी यायची. मध्येच खिडकीसमोरून एलआरटीची, म्हणजे उंच पुलावरून धावणाऱ्या रेल्वेची, छोटी गाडी आवाज न करता सरकत जायची. घरांजवळून जाताना तिच्या काचा आपोआप दुधाळ होतात, प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. काका दर गाडीला हात करायचे. काचा तेवढ्यात पांढऱ्या व्हायच्या.

"दिसत नाही हो काका त्यांना."

"आतून कोणी करत असेल की हात. आपल्याला कुठे दिसतंय?"

तर अशा ह्या घरी मी आंटी मे लिनला घेऊन गेले, ही माझीच करणी.

आंटी मे लिन आमच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमध्ये, टेबलं पुसायच्या, ताटल्या गोळा करायच्या. ऑफिसला जाण्याआधी मी तिथे चहा घेते, त्यातून ओळख झाली. गुडघे गेले तसं काम अर्ध्या दिवसावर आलं, उरलेल्यासाठी सरकारी मदत मिळायला लागली. राहत होत्या ती खोली मालकाने विकायला काढली. सरकारी भाड्याच्या घरासाठी नाव लावलेलं, पण नंबर कधी लागणार ते देवालाच ठाऊक. महिनाअखेरीला त्यांना खोली सोडायची होती आणि दुसरी मिळत नव्हती. आंटी खरं बोलायच्या, तिथेच घोडं पेंड खायचं. एजंटने विचारलं, उत्पन्न काय? की ह्या सांगणार, अर्धा पगार आणि अर्धी मदत. मदत म्हटलं की फोन बंद. सरकारकडून भाडं वेळेवर येईल हे कुणाला पटेना, आणि हातात काम असलेली बाई मदतीवर जगते म्हणून नाक मुरडायला सगळे तयार.

मी काकांना आधी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, आधी पोहे होऊ देत.

आंटी फुलाफुलांचा ब्लाउज घालून आल्या. पोहे चमच्याने नीट खाल्ले, मिरची बाजूला न काढता. काकांनी स्वप्न विचारलं. आंटींनी जराही वेळ न घेता सांगितलं, "मी झोपलेय असं स्वप्न पडतं, अंकल. आणि मला कोणी उठवत नाही."

"झोपेत झोपेचं स्वप्न?"

"या लाह," म्हणजे इथल्या बोलीत हो तर. "डबल झोप."

काका इतके खूश झाले की मला वाटलं, जमलं! मग मीच उत्साहाच्या भरात त्यांचं काम, गुडघे, मदत, सगळं सांगून बसले. काकांचा चेहरा पाहता पाहता उतरला. नेहमी मेसेज करणारा माणूस त्या दिवशी तिथल्या तिथे म्हणाला, "सो सॉरी. हॉरोस्कोप नॉट मॅचिंग."

आंटींनी चष्मा सारखा केला. "अंकल, चिनी पत्रिकेत तुमचं वर्ष कुठलं? ड्रॅगन?" बोटांवर काहीतरी मोजलं. "मी उंदीर. उंदीर आणि ड्रॅगन, व्हेरी गुड मॅच! विचारा कुणालाही!"

आजवर पत्रिकेवर कोणी उलट उत्तर दिलं नव्हतं. काका 'अं, अं' करत राहिले आणि शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही सरकारी मदतीवर आहात. भाडं थांबलं तर?"

आंटी उठल्या. सवयीने सगळ्या बशा उचलल्या आणि आत मोरीशी नेऊन ठेवल्या. तिथून त्यांनी विचारलं, "अंकल, सगळे गेल्यावर हे तुम्ही एकटेच धुता?"

आंटी थँक यू म्हणाल्या, चपला घातल्या आणि एकेक पाऊल जपत लिफ्टकडे गेल्या.

दार लागलं आणि माझा पारा चढला. "लाज वाटली पाहिजे काका! तुम्ही इथे आलात तेव्हा 'इंडियन नको, फोडणीचा वास येतो' म्हणून किती दारं तोंडावर आपटली, ते तुम्हीच मला सांगितलंय ना? आणि आज तुम्ही ह्या बाईला 'मदतवाली नको' म्हणता? आठवड्याभरात ती रस्त्यावर येईल!"

"भाड्याची रिस्क असते, वर्षाबाई..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका! पेन्शन पुरून उरतं तुम्हाला. भाडं नको, भाडेकरू नको, मग जाहिरात देता तरी कशाला?"

काका खुर्चीत बसले. समोरून गाडी गेली, पण त्यांनी हात केला नाही.

"खोली दिली की संपलं ना," ते म्हणाले. "मग कोण येणार? आत्ता आठवड्याला कोणी ना कोणी येतं. बसतं. खातं. दोन शब्द बोलतं. खोली रिकामी आहे म्हणून माणसं येतात, वर्षाबाई. मला बघायला कोण येणार आहे?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं कोथिंबीर निवडून दिली, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"आणि ही बाई," काका हळूच म्हणाले, "बाकीचे खोली बघून गेले हो. हिने मला बघितलं. एकटेच धुता का, म्हणाली. आता ती रोज समोर असणार, रोज तिला दिसणार. मला भीती वाटली. मदतीचं काय, तोंडाला येईल ते बोललो."

"मग भीत भीत द्या," मी म्हटलं. "पण द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते, तर इस्त्रीचा सदरा घालून गद्रेकाका हॉकर सेंटरमध्ये हजर. ते कधी तिथे येत नाहीत. आंटी टेबल पुसत होत्या. काका घुटमळले, घसा खाकरला, कुणाच्या तरी उष्ट्या ताटल्या उगाच उचलून हातात धरल्या आणि म्हणाले, "मॅडम, रूम इज रेडी."

आंटींनी फडकं थांबवलं. "हॉरोस्कोप?"

"परत बघितली. माझीच चूक होती."

आंटींनी त्यांच्या हातातल्या ताटल्या काढून घेतल्या. "डोन्ट टच, अंकल. शर्ट खराब होईल." एवढंच. पण वळून त्या बराच वेळ तेच टेबल पुसत राहिल्या.

शनिवारी आंटी आल्या. दोन पट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्या आणि एक भात शिजवायचं भांडं, एवढाच संसार. जाहिरात काकांनी त्याच दिवशी काढून टाकली. काढताना मला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, बटण कुठलं ते दाखवा. बटण त्यांना चांगलं माहीत होतं.

नंतर दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये आरडाओरडा ऐकू आला. काकांचा आवाज, तोही मराठीतून, "किती हा उशीर! साडेसहा म्हणून गेलात! एक फोन करता येत नाही?" आणि आंटींचा चढा आवाज, "शाउट व्हॉट? क्लिनिकमध्ये क्यू, बस जॅम लाह!"

मी धसकून पळत जाऊन दार उघडलं. म्हटलं, बिनसलं वाटतं दोघांचं, मिटवायला हवं. तर आंटी पिशवी सावरत, पुटपुटत आत चालल्या होत्या, आणि काका लोखंडी जाळीचं दार धरून उभे. मला बघून त्यांनी आवाज आणखी चढवला, "बघा ना वर्षाबाई, माणसाने काळजी किती करायची!" आणि त्यांचे डोळे चक्क हसत होते.

मी दार लावून घेतलं. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या घरी कुणाला तरी यायला उशीर झाला होता.